सातबाऱ्याला फेरफार लागतो, साइटला काहीच नाही

दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

मावसभाऊ पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, नदीजवळ फ्लॅट बघतोय. बिल्डरचा माणूस म्हणाला, "पूररेषेचं टेन्शन नाही मॅडम, आपण बाहेर आहोत." म्हटलं थांबा, नकाशाच बघू. एका सरकारी कार्यालयाच्या साइटवर निळ्या-लाल रेषेचे नकाशे होते, दिवाळीत मी स्वतः पाहिलेले. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. लिंक उघडली तर "पान सापडले नाही". नकाशांच्या जागी आता उद्घाटनांचे फोटो. फोन लावला तर, "साइट अपडेट होतेय. तुम्ही माहिती अधिकार टाका ना."

माहिती अधिकार! जे कालपर्यंत उघड्यावर होतं, ते मागायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा आणि तीस दिवस वाट बघायची. तोवर भावाचं टोकन जाऊन बसेल. २००५ च्या कायद्यातलं कलम ४ नेमकं उलट सांगतं: लोकांवर अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती कार्यालयांनी आपणहून मांडायची. मुदत होती १२० दिवस. वीस वर्षं उलटून गेली.

फोनवरच्या बाईंवर माझा राग नाही. त्या बिचाऱ्या शेवटी हळूच म्हणाल्या, "आम्हालाही विचारत नाहीत हो."

साइट बदलताना लिंका तुटतात, मान्य. कुणाचा आधार नंबर चुकून चढला असेल तर तो काढायलाच हवा, तेही मान्य. पण पूररेषा काय कुणाची खासगी बाब आहे? २५ जुलै २०२४ ला याच सिंहगड रोडजवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ते परवानगी मागून आलं नव्हतं.

आणि दर वेळी लिंकच तुटते असं कुणी मला सांगू नका. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या साइटवर लडाखमधल्या चिनी घुसखोरीचा उल्लेख असलेला कागद आला आणि दोन दिवसांत गायब झाला. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचा इस्रोच्या केंद्राचा अहवाल आला, तोही उतरवला. घरांना तडे गेलेल्या लोकांपासून जमिनीचंच माप लपवायचं! वाचून तेव्हाही अंगाची लाही झाली होती. पण तेव्हा ते दूरचं होतं. आज माझ्या भावाच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न आहे.

सातबाऱ्यावरचं एक नाव कमी करायचं तरी फेरफार पडतो, नोटीस निघते, जुनं नाव कंसात जातं. पुसलं जात नाही. पणजोबांच्या वेळचं कोण होतं तेही शोधता येतं. मग सरकारी पान उतरवताना काय उतरवलं, कधी, कुणाच्या सहीने, एवढी एक ओळ लिहायला काय होतं? नकाशा चुकला असेल तर "चुकला, नवा येतोय" असं लिहा. भाऊ थांबेल. आत्ता तो थांबायचं की नाही हे ठरवतोय कशावरून, तर बिल्डरच्या माणसाच्या तोंडावरून.

(महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाची बरीच माहिती मिळते, तेवढं श्रेय देते. नाइलाजाने.)

अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर संशोधक आणि स्वयंसेवकांनी ईडीजीआय नावाचा गट काढला. सरकारी पर्यावरण साइट्सच्या पानांच्या जुन्या-नव्या प्रती ताडून कुठला शब्द गेला, कुठलं पान गेलं याची ते नोंद ठेवतात. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने हवामानबदलाची पानं उतरवली, तेव्हा आधी काय होतं हे दाखवायला लोकांकडे प्रती होत्या. आपल्याकडे कुणाचा स्क्रीनशॉट सापडला तर नशीब.

हिंजवडीत रोज तास-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसणारे निम्मे मित्र इथे आहेत. रोज ठरावीक पानं उघडून बदल टिपणारा छोटा प्रोग्रॅम तुम्हाला एका रविवारचं काम असेल, मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पानांची यादी मी करते: पूररेषा, विकास आराखडा, झाडं तोडण्याच्या नोटिसा, निविदा. तोवर जी लिंक जिवंत दिसेल ती वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) टाकून ठेवा, पीडीएफ उतरवून घ्या. कोण येतंय ते इनबॉक्समध्ये सांगा. जागा माझं घर, पोहे माझ्याकडून.