‘एक फोटो काढा, फळी पारखा’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सुतारांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय: ‘फळीचा एक फोटो काढा. आतली पोकळी, ओल, कूज सगळं अ‍ॅप सांगतं. ९५ टक्के अचूक. मिस्त्रीची गरज नाही.’

आतली पोकळी? कॅमेरा टिपतो तो फळीच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड. ओंडक्याच्या पोटातलं बघायला एक्स-रे सीटी स्कॅनर लागतो; तो परदेशातल्या मोठ्या सॉमिलमध्ये असतो, आपल्या वखारीत नाही.

‘एक फोटो’ हा तर हिशेबातच बसत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीला साधारण ४००० पिक्सेल. ८ फुटी फळी, म्हणजे २४४० मिमी, एका फोटोत घेतली की एक पिक्सेल ०.६ मिमीचा. भुंग्याचं १-२ मिमीचं भोक दोन-तीन ठिपक्यांत संपतं, केसाएवढी चीर दिसतच नाही. तीच फळी फुटाफुटाने घ्या, कडा थोड्या एकमेकींवर चढवून, पिक्सेल ०.०८ मिमीवर येतो. चीर शोधताना बॅटरी फळीलगत जवळजवळ आडवी धरा, चिरेत सावली पडते. मात्र रंधा न मारलेल्या फळीवर करवतीचे ओरखडेही तसेच उठतात. चीर लाकडाच्या रेषांबरोबर धावते, ओरखडे फळीला आडवे आणि ठरावीक अंतराने असतात. अ‍ॅप इथेच फसतं. डाग बघायला मात्र आडवा उजेड नको, सावलीतला सारखा उजेड हवा.

ओल रंगावरून मोजता येत नाही. त्याला पिना टोचायचं मीटर. खानापूरच्या पावसात तर हवंच.

कुजीचं सांगायचं तर, अ‍ॅप फोटो बघून शिकतं, आणि लाकडाचे बरेचसे खुले चित्रसंग्रह पाइन, स्प्रूस अशा थंड मुलखातल्या झाडांचे. त्यावर शिकलेल्या अ‍ॅपला ताज्या सागवानातले काळपट पट्टे कूज वाटू शकतात. ते उजेडात आपोआप फिके होतात. आंब्यावरचा निळसर डाग बुरशीचा खरा, पण त्याने रूप जातं, ताकद फारशी जात नाही. संशय आला तर पटाशीच्या टोकाने एक ढलपी उचकटा. चांगल्या लाकडाची लांब, चिवट निघते. कुजक्याची आखूड, कटकन तुटते. फोटोत हे कुठून येणार?

राहिले ९५ टक्के. १०० फळ्यांत ५ खराब असतील आणि अ‍ॅपने डोळे मिटून सगळ्या ‘चांगल्या’ म्हटल्या, तरी ते ९५ टक्के बरोबरच! विकणाऱ्याला विचारा: त्या पाचांपैकी किती पकडल्या, आणि चांगल्या किती उगाच बाजूला काढल्या?