दादांना ‘धाडसी’ म्हणू नका

दादा गेल्याचं कळलं तेव्हापासून आमच्या जुन्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर आठवणी येताहेत. त्यात एकाने लिहिलं, ‘विजेशी खेळणारा धाडसी वायरमन गेला.’ लिहिणाऱ्याने प्रेमानेच लिहिलंय, त्याच्यावर राग नाही. पण दादांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस विजेशी खेळला नाही. उलट आम्हाला खेळू दिलं नाही.

परवा आम्ही अकराजण भेटलो. रिटायर झालेले, नोकरी बदललेले, अजून तिथेच असलेले. बोलता बोलता लक्षात आलं की जो तो एकच गोष्ट सांगतोय: दादांनी मला थांबवलं होतं.

माझ्यापासूनच सांगतो. पहिला आठवडा. मोटरचं कनेक्शन सोडवायचं होतं. मेन स्विच पाडला, टर्मिनलला मीटर लावला, शून्य दिसलं, पाना उचलला. दादांनी मनगट धरलं. म्हणाले, ‘आणि मीटरच मेला असेल तर?’ मग त्यांची पद्धत शिकवली. मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग बंद टर्मिनलवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिसरी वेळ कशाला, असं मी विचारलं. ‘मधल्या मध्ये मेला तर?’ एवढंच उत्तर. तेव्हा मला हा माणूस चिकट वाटला होता. आज माझ्या हाताखालच्या पोराला मी तसाच वाटत असणार, आणि वाटू दे.

आमच्या फिटरची आठवण ऐकताना सगळे गप्प झाले. रात्रपाळी होती, कन्व्हेयर बंद पडलेला, हा गार्ड काढून खांद्यापर्यंत आत. दादांनी स्विच पाडून त्याला कुलूप घातलं होतं, किल्ली खिशात. तेवढ्यात लाइन का बंद आहे म्हणून वरून फोनवर फोन, आणि कोणीतरी घाईघाईने स्विच वर करायला गेलं. कुलूप होतं म्हणून हँडल हललं नाही. ‘मी आत होतो,’ फिटर म्हणाला. ‘मला तर बाहेर आल्यावर कळलं.’ त्या रात्री उत्पादन वीस मिनिटं जास्त थांबलं, म्हणून दादांना सकाळी बोलणी खावी लागली. त्यांनी ती उभ्याने ऐकली आणि पुढच्या कामाला पुन्हा कुलूपच घातलं.

कपॅसिटरच्या पॅनलची आठवण तर चौघांनी सांगितली. लाइन बंद केली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून दादा पॅनलसमोर घड्याळ बघत उभे राहायचे. मग डिस्चार्ज करायचे, मोजायचे, अर्थिंग करायचे, म्हणजे जमिनीला जोडायचे. त्याआधी दाराच्या आत बोटसुद्धा नाही.

स्टोअरमधल्या ताईंनी रिटायर झाल्यानंतरचे दादा सांगितले. ताईंच्या घरी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखा पडायचा. त्या म्हणाल्या, जरा मोठा बसवून द्या. दादांनी साफ नाही म्हटलं. ‘ताई, तो तुमच्या भिंतीतली वायर सांभाळतो. वायर १.५ स्क्वेअर एमएमची, तिच्यावर ३२ अँपिअरचा बसवला तर तो पडणार नाही, वायर जळेल.’ शोधलं तर एमसीबीच्याच टर्मिनलचा स्क्रू ढिला निघाला. तिथे तापत होतं आणि त्या उष्णतेनेच तो पडत होता. जाता जाता त्यांनी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. तो पडलाच नाही. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाइन तोडायची, हे त्याचं काम. तो कधीपासून मेलेला होता कोण जाणे. तो दुसऱ्याच दिवशी बदलला. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरचं ते बटण शेवटचं कधी दाबलं होतं?

मग दादांच्या बरोबरीचे, त्यांच्याच बॅचचे एकजण बोलले. दादांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. जन्मापासूनच असेल असं मी धरून चाललो होतो. तर तसं नव्हतं. तरुणपणी दादा चालू लाइनवर काम करण्यात पटाईत होते. शटडाऊन न घेता काम उरकायचे, आणि सगळे पाठ थोपटायचे. एकदा चालू बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर, नट आवळताना पाना निसटला आणि दोन फेज शॉर्ट झाल्या. शॉक नाही बसला, झळ बसली. डोळे वाचले, हात भाजला. ‘दवाखान्यात तो मला काय म्हणाला माहीत आहे? “मला शाबास म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी थांब म्हटलं नाही.”’

नऊ वर्षांत त्यांनी आम्हाला हे सांगितलं नाही. भीती घालून शिकवायचं नसेल, किंवा सांगणं जड जात असेल. पण म्हणूनच तो ‘धाडसी’ शब्द मला सहन होत नाही. याच शब्दाने त्यांची बोटं घेतली. चालू लाइनवर हात घालणाऱ्याला आपण अजून वाघ म्हणतो, शटडाऊन मागणाऱ्याला भित्रा म्हणतो, आणि नवीन पोरं हे ऐकत असतात. शटडाऊन मागायला जास्त छाती लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डोक्यावर साहेब उभा, लाइन थांबलेली, आणि एक माणूस शांतपणे म्हणतोय, ‘बंद करा, नाहीतर मी हात लावणार नाही.’

ग्रुपमधल्यांना एक विनंती. दादा पॅनलच्या दाराला आतून कागद चिकटवायचे, हे तुम्हाला आठवत असेल. तारीख, काय बदललं, कुठे सांभाळायचं, सगळं ठसठशीत अक्षरात. ‘इथे दोन बाजूंनी लाइन येते. दोन्ही बंद कर.’ हे कागद रंगकामात खरवडू नका. पंपहाऊसच्या पॅनलमधला मी कालच पाहिला. सर्किट पुन्हा तपासून शेजारी नवीन लेबल लावलंय, जुना तसाच ठेवलाय. त्यातल्या दोन ओळी वाचता येतात, तिसरी ओलीने पुसली गेली आहे. तुमच्यापैकी त्या कामाला त्यांच्याबरोबर कोण होतं? तिसऱ्या ओळीत काय लिहिलं होतं, आठवत असेल तर मला फोन करा.