'हॉट डॉग' टॅड डॉर्गनचा नव्हे

"स्पेलिंग येईना म्हणून जन्मला हॉट डॉग!" ही गोष्ट पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होते. १९०१ चा एप्रिल, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स हे बेसबॉलचं मैदान, बोचरी थंडी. आइस्क्रीम खपेना, म्हणून तिथे खाद्यपदार्थ विकणाऱ्या हॅरी स्टीव्हन्सची माणसं 'गरमागरम डाक्सहुंड सॉसेज' (डाक्सहुंड म्हणजे लांबुडक्या अंगाच्या कुत्र्याची एक जात) अशी आरोळी देत पावातली सॉसेज विकू लागली. व्यंगचित्रकार टॅड डॉर्गनने ते चित्र काढलं, 'डाक्सहुंड' लिहिता येईना म्हणून 'हॉट डॉग' लिहून मोकळा झाला.

यातलं सालच चुकतं. १९०१ मध्ये डॉर्गन सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढत होता; न्यूयॉर्कला तो नंतर आला.

मग ते चित्र? बॅरी पॉपिक, जेराल्ड कोहेन यांच्यासारख्या शब्दांच्या अभ्यासकांनी जुने अंक धुंडाळले, पण पोलो ग्राउंड्सचं चित्र कुणालाच सापडलं नाही. सापडली ती डिसेंबर १९०६ ची, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीच्या वेळची. बेसबॉलचा तिथे संबंध नाही.

तोवर शब्द चांगला रुळलेला होता. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या एका दैनिकात ३१ डिसेंबर १८९२ रोजी पावाला चीर देऊन आत सरकवलेल्या 'हॉट डॉग'चं वर्णन आहे. ऑक्टोबर १८९५ च्या 'येल रेकॉर्ड' या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात अख्खी प्रार्थना संपेपर्यंत पोरं खुशाल हॉट डॉग चावत बसल्याचं वाक्य आहे. सॉसेज विकणाऱ्या गाडीला येलमध्ये 'डॉग वॅगन' म्हणत.

कुत्रा डाक्सहुंडच्या लांबुडक्या आकारातून आला, हा दावाही पुरा पडत नाही. सॉसेजात कुत्र्याचं मांस घालतात, हा संशय अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होता आणि त्यावर विनोदही चालत. कॉलेजातल्या पोरांनी ती चेष्टा उघडपणे खाण्याच्या नावातच आणली. फॉरवर्डमधली गोष्ट नेमका हा कडवट भाग पुसून टाकते, आणि शब्दाची खरी गंमत तिथेच आहे. १८९० च्या दशकात कॉलेजातली मुलं झोकात राहणाऱ्या, भाव खाणाऱ्या पोरालाही 'हॉट डॉग' म्हणत. पुढे तो आनंदाचा उद्गार झाला, मग स्कीइंग आणि सर्फिंगमध्ये कसरती करून मिरवणाऱ्याचं नाव.

स्पेलिंगचा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. रस्त्यावरची, मुष्टियुद्धाच्या अड्ड्यावरची बोली डॉर्गन कान देऊन ऐकायचा आणि चित्रांतून घरोघरी पोचवायचा; 'कॅट्स पजामाज' (म्हणजे एकदम झकास) यासारखे शब्दप्रयोग त्याच्यामुळे गाजल्याचं सांगतात. १९०६ मध्येही त्याने तेच केलं: लोकांच्या तोंडी असलेला शब्द उचलला आणि चित्रात घातला.