‘चार बोल्ट, चार तारा’ एवढ्यावर विमानात सर्व्हो बसत नाही

घरी बांधलेल्या छोट्या विमानांबद्दल मराठीत हल्ली उत्साहाने बोललं जातं. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे हा विषय आपल्याकडे घरोघरी पोचला. त्याच ओघात अमेरिकेतल्या होमबिल्ट विमानांविषयीचा एक दावा सगळीकडे फिरतोय. तो थोडक्यात असा: तयार, उडत्या विमानात मागाहून ऑटोपायलट बसवणं म्हणजे शनिवार-रविवारचं काम. चार बोल्ट, चार तारा. सर्व्हो, म्हणजे ऑटोपायलटच्या हुकमाने नियंत्रणं हलवणारी मोटर, बिघडला तरी स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) जोरात ओढली की तो सुटतो. शंका वाटली तर एक नंबर मोठा सर्व्हो घ्या. विमान ‘एक्सपेरिमेंटल’ (घरी बांधलेली विमानं ज्यात मोडतात तो वर्ग) आहे, कोणाला विचारायचं कारण नाही. आणि एकदा बसला की हात सोडा.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तो मला धोक्याचा वाटतो. ऑटोपायलटला माझा विरोध मुळीच नाही. एकट्याने लांब पल्ला उडवणाऱ्या पायलटला त्याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाही. पण सर्व्हो हा डॅशबोर्डवर लावायचा रेडिओ नव्हे. तो एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखांवरची पाती) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं पातं) हलवणाऱ्या दांड्यांना कायमचा जोडलेला असतो. ऑटोपायलट बंद असतानाही तुम्ही स्टिक हलवली की त्याचा आर्म, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर (शाफ्टवर) बसवलेली छोटी भुजा, हलतो.

पहिला मुद्दा चार बोल्टांचा. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-7 घेऊ. दोन आसनी, अॅल्युमिनियमचं, किटमधून बांधलेल्या विमानांत सर्वांच्या ओळखीचं. त्यात रोलचा (कलवण्याचा) सर्व्हो पंखातल्या एलेरॉनच्या बेलक्रँकपाशी (दांडीच्या जोराची दिशा वळवणाऱ्या तुकड्यापाशी) बसतो आणि पिचचा (नाक वर-खाली करण्याचा) सामानाच्या कप्प्यामागे, एलिव्हेटरच्या बेलक्रँकपाशी. बोल्ट खरोखरच मोजके. पण त्यातला एक सर्व्होच्या पुशरॉडच्या (आर्मला बेलक्रँकशी जोडणाऱ्या दांडीच्या) टोकाच्या बेअरिंगमधून जातो. त्या बेअरिंगचा गोळा कधी निखळला, तर दांडी बोल्टवरून सरकून बाहेर पडू शकते आणि सुटलेलं टोक कुठेही अडकू शकतं. म्हणून बाहेरच्या बाजूला गोळ्यापेक्षा मोठा रुंद वॉशर घालतात. बेअरिंग गेलं तरी दांडी बोल्टवरच राहते. जिथे बोल्ट स्वतः फिरू शकतो तिथे नुसता नायलॉनचा लॉकनट चालत नाही, कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्याला फिरू न देणारी कॉटर पिन लागते. हा वॉशर राहून गेला तरी विमान त्या दिवशी व्यवस्थित उडतं, आणि म्हणूनच चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

आता दुसरा मुद्दा, ‘जोर लावला की सुटतोच’. सगळ्यात जास्त चुकीचं आणि सगळ्यात जास्त विश्वासाने सांगितलं जाणारं वाक्य हेच.

सर्व्होवर मात करता आली पाहिजे हे बरोबर. कुठे मोटरचा जोर मर्यादित ठेवतात, कुठे क्लच असतो, कुठे जास्त जोर आला तर तुटणारा स्क्रू ठेवतात. पण तुमचा हात सर्व्होच्या शाफ्टवर नसतो, तो स्टिकवर असतो, आणि मधे आर्म आणि पुशरॉड यांचा कोन असतो. डायनॉन या कंपनीचा सर्वांत लहान सर्व्हो साधारण 36 इंच-पाउंड टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. आर्म दीड इंचाचा धरला आणि तो पुशरॉडशी काटकोनात असला, तर दांडीवर 24 पाउंड लावून त्याच्यावर मात करता येते. आर्म त्या जागेपासून 60 अंश फिरला की त्याच कामाला 48 पाउंड लागतात. 75 अंशांवर 90 च्या वर. आर्म आणि दांडी एका रेषेत आले, की कितीही जोर लावला तरी शाफ्ट फिरणार नाही, कारण जोर थेट शाफ्टच्या केंद्रातून जातो. तिथे क्लचही निरुपयोगी आणि तुटणारा स्क्रूही, कारण त्यांना तोडणारा किंवा घसरवणारा टॉर्क त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्या रेषेच्या पलीकडे आर्म गेला तर तो उलट्या बाजूला अडकतो, आणि एलिव्हेटर पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना स्टिक जागच्या जागी थिजते.

म्हणून मधल्या जागेत आर्म काटकोनात हवा आणि दोन्ही टोकांना 60 अंशांच्या आत राहायला हवा. शिवाय एलेरॉन-एलिव्हेटरचे मूळ स्टॉप (हालचाल अडवणारे थांबे) आधी टेकले पाहिजेत. सर्व्होचा आर्म हा स्टॉप होता कामा नये. हे कागदावर काढून भागत नाही. सामानाच्या कप्प्यामागची भिंत काढायची, एकाने टॉर्च घेऊन आडवं व्हायचं, दुसऱ्याने स्टिक पूर्ण मागे, पूर्ण पुढे, मग चारही कोपऱ्यांत न्यायची: मागे-डावीकडे, मागे-उजवीकडे, पुढे-डावीकडे, पुढे-उजवीकडे. आडव्या झालेल्या माणसाने प्रत्येक टोकाला आर्मकडे आणि आसपासच्या वायर-केबलकडे बघत राहायचं. मग पंखातला तपासणीचा झाकणपट्टा उघडून तेच रोलच्या सर्व्होसाठी. सर्व्हो जोडण्याआधी आणि नंतर स्टिकच्या टोकाला ताणकाटा लावून किती जोर लागतो ते लिहून ठेवलं, तर पुढच्या तपासणीत फरक लगेच कळतो. आणि जमिनीवरच ऑटोपायलट चालू करून त्याच्यावर मात करून बघायची, फक्त मधल्या जागेत नाही, टोकांनाही.

इथवर आल्यावर ‘मोठा सर्व्हो घ्या’चं उत्तर एका ओळीत देता येतं: सर्व्हो जितका मोठा, तितकं त्याच्यावर मात करणं कठीण, आणि आरव्हीसारख्या विमानाची स्टिक इतकी हलकी असते की लहान सर्व्होही बहुतेक वेळा पुरतो. विमानाच्या मॉडेलसाठी उत्पादकाने सांगितलेलाच घ्यावा आणि सेटिंगमध्ये टॉर्क कमीत कमी ठेवून सुरुवात करावी.

‘कोणाला विचारायचं नाही’ हाही अर्धसत्याचाच प्रकार. सेसनासारख्या कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानाला लागते तशी मंजुरी एक्सपेरिमेंटल विमानाला लागत नाही, आणि दुरुस्तीचे नेहमीचे नियम देणारा अमेरिकी हवाई नियमांचा भाग 43 त्याला लागू होत नाही, हे खरं. पण त्या विमानाच्या प्रमाणपत्रासोबत उड्डाणाच्या मर्यादांचा कागद असतो आणि तो बंधनकारक असतो. विमानात त्याच नियमांतल्या 21.93 च्या अर्थाने मोठा बदल केला, म्हणजे वजन, समतोल, मजबुती, विश्वासार्हता किंवा उड्डाणाचे गुण यांवर लक्षणीय परिणाम करणारा, तर त्या कागदानुसार सहसा एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) स्थानिक कार्यालयाला कळवावं लागतं, प्रवाशाविना किमान 5 तास चाचणी-उड्डाण करावं लागतं आणि लॉगबुकात नोंद करावी लागते. नियंत्रणाच्या दांडीला मोटर जोडून ‘किरकोळ’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. वजनाचा हिशोब तर कुठल्याही परिस्थितीत नव्याने करायचाच. शेपटीकडे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि पिचमधली स्थिरता घटते.

बांधणाऱ्याने केलेला ‘छोटा बदल’ काय करू शकतो याचं उदाहरण सर्वज्ञात आहे. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात मॉंटेरेच्या उपसागरात लाँग-ईझी हे घरी बांधलेलं विमान कोसळून मरण पावले. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातल्या जागेवरून हलवून पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने हात सहज न पोचणाऱ्या त्या खटक्याचा उल्लेख अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांत केला.

राहिलं ‘हात सोडा’. उंची धरून ठेवणाऱ्या ऑटोपायलटला इंजिन मंदावल्याचं दिसत नाही, त्याला उंची कमी होतेय एवढंच दिसतं. कार्ब्युरेटरात बर्फ धरून ताकद घटू लागली, की तो नाक वर उचलत जातो, वेग उतरत जातो, आणि पायलट नकाशात गुंतलेला असेल तर विमान स्टॉलपाशी, म्हणजे पंखांची उचल तुटते त्या अवस्थेपाशी, येतं. नव्या यंत्रणांत किमान वेगाची मर्यादा घालता येते. ती विमानाच्या खऱ्या स्टॉल-वेगावरून घालावी लागते. ट्रिमचंही (स्टिकवर जोर न लावता नाक हवं तिथे राहावं यासाठीच्या जुळवणीचंही) तसंच. ट्रिम बिघडलेलं असताना सर्व्हो नाक धरून ठेवतो आणि स्क्रीनवर सगळं शांत दिसतं. बटण दाबून तो सोडला की स्टिकला एकदम झटका बसतो. म्हणून बंद करण्याआधी स्टिक हातात घट्ट हवी, बंद करण्याचं बटण स्टिकवरच हवं, आणि ते बटणच निकामी झालं तर ओढायचा ब्रेकर (वीज तोडणारा खटका) बसल्या जागेवरून, पट्टे बांधलेले असताना, हाताला लागला पाहिजे. हे शेवटचं हँगरमध्ये डोळे मिटून करून पाहता येतं, आणि पहिल्या उड्डाणाआधी करावंच.