सैतानाला नावानं ‘बांधायला’ सांगणारा तो संदेश

आध्यात्मिक युद्धाच्या, म्हणजे सैतानाशी झुंजण्याच्या, तयारीविषयी एक संदेश विश्वासणाऱ्यांमध्ये सतत पुढे पाठवला जातो. त्याचं सार असं: प्रत्येक आजारामागे, कर्जामागे, घरातल्या भांडणामागे एक ठरावीक दुरात्मा असतो. त्याचं नाव हुडकून काढा आणि मोठ्यानं ‘तुला बांधतो’ म्हणा. रोज सकाळी देवाची शस्त्रसामग्री (इफिस ६ मध्ये प्रेषित पौलानं सांगितलेलं आत्मिक चिलखत) एकेक करून तोंडानं म्हणत अंगावर चढवा, एक दिवस चुकला तर सैतानाला मोकळं रान. आणि एवढं करूनही सुटका झाली नाही, तर तुमचा विश्वास कमी.

सैतान आहे आणि तो गिळंकृत करायला टपलेला आहे, हे मी पूर्णपणे मानतो. म्हणूनच हा संदेश मला धोक्याचा वाटतो. तो आपल्याला भलत्याच आघाडीवर नेऊन उभं करतो.

“प्रत्येक त्रासामागे दुरात्मा असतो, त्याचं नाव शोधा.”

मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्या माणसांची यादी आहे: रोगी, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. बरे सगळेच झाले, पण सगळ्यांना एका माळेत ओवलेलं नाही. लूक १३ मधल्या, १८ वर्षं वाकून चालणाऱ्या बाईला सैतानानं बांधून ठेवलं होतं, असं येशू स्वतः सांगतो. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाबद्दल मात्र तो ना त्याचं पाप काढतो, ना आईबापांचं. दुरात्म्याचा तर विषयही निघत नाही. सरसकट नियम शास्त्रात कुठेच नाही.

नावाच्या बाजूनं मार्क ५ चा दाखला दिला जातो. तिथं येशूनं दुरात्म्याला ‘तुझं नाव काय’ असं विचारलं, हे बरोबर. पण मार्क १ मध्ये कफर्णहूमच्या सभास्थानात त्यानं नाव विचारलंच नाही. गप्प राहा आणि याच्यातून निघ, एवढंच म्हणाला.

खरं तर नाव उच्चारलं की सत्ता हाती येते, ही समजूत भुतं काढू पाहणाऱ्या, स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांची होती. प्रेषितांची कृत्ये १९ वाचा. पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याच्या नावानं तुला घालवतो, असं ते म्हणाले. समोरच्या भूतग्रस्त माणसातला दुरात्मा म्हणाला, येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? मग त्या एकट्या माणसानं त्यांना असं बदडलं की ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळाले. हे घडलं इफिस शहरात. त्यानंतर तिथल्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं सगळ्यांसमोर आणून जाळली. किंमत केली तर चांदीची ५०,००० नाणी भरली. त्याच इफिसकरांना पत्र लिहिताना पौल पहिल्याच अध्यायात सांगतो, की ख्रिस्त घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक नावाच्या वर बसवलेला आहे. ज्यांनी नावांच्या त्या वह्या जाळल्या, त्यांच्या हातात आपण नवी वही का द्यायची?

“मोठ्यानं बांधा.”

मत्तय १८:१८ मधलं बांधणं-सोडणं हे चुकलेल्या भावाला मंडळीनं कसं वागवावं, या विषयात आलेलं आहे. बलवानाला (म्हणजे सैतानाला) बांधण्याचा दाखला मत्तय १२ मध्ये येतो, पण तिथं बांधणारा ख्रिस्त आहे. यहूदाच्या पत्रात तर आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाला स्वतःच्या अधिकारात शिव्याशाप देत नाही, प्रभू तुला धमकावो, एवढंच म्हणतो. संदेष्टा दानीएल तीन आठवडे शोक आणि प्रार्थना करत होता. तेवढे २१ दिवस वर देवदूताची पारसाच्या अधिपतीशी, म्हणजे एका विरोधी आत्मिक शक्तीशी, झुंज चालली होती, याचा त्याला पत्ताही नव्हता. त्यानं कुणाला बांधलं नाही. देवापुढे नम्र होऊन प्रार्थना चालू ठेवली, आणि तेवढं पुरलं.

“रोज सकाळी शस्त्रसामग्री चढवा, नाहीतर संरक्षण नाही.”

सकाळी इफिस ६ म्हणत प्रार्थना करणं चांगलंच आहे. पण ती शस्त्रसामग्री मुळात आपली नाहीच. यशया ५९:१७ उघडा: नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण स्वतः परमेश्वरानं घातलेलं आहे. जो ख्रिस्तात आहे त्याच्यावर ते आहे, मग आदल्या रात्री तो बाळाच्या तापामुळे जागा राहून सकाळची प्रार्थना चुकला असला तरी. एक सकाळ चुकली म्हणून देव आपल्या लेकराला उघड्यावर टाकत नाही.

ती धारण करणं म्हणजे काय, हे पौल इफिसकरांच्या त्याच पत्रात दोन अध्याय आधी सांगून ठेवतो, आणि हा भाग संदेशात साफ गाळलेला आहे. लबाडी सोडा. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, सैतानाला वाव देऊ नका. चोरी सोडून कष्ट करा, म्हणजे गरजवंताला द्यायला हातात काही राहील. एकमेकांना क्षमा करा. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातही सैतानाचे डाव ओळखण्याची गोष्ट निघते ती एका पश्चात्तापी माणसाला क्षमा करण्याच्या संदर्भात. ज्या भावाशी दोन वर्षं बोलणं नाही, त्याला फोन करणं ही युद्धाची तयारी आहे. सैतानाला आरोळ्या मारणं त्यापेक्षा फार सोपं आहे.

वचन नुसतं तोंडपाठ म्हणण्याबद्दलही एक सांगतो. अरण्यात येशूची परीक्षा घेताना सैतानानंही वचनच म्हटलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. येशूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर दिलं, आणि त्या उत्तराप्रमाणे तो उपाशी राहिला.

“सुटका झाली नाही तर विश्वास कमी.”

याचा मला सर्वांत जास्त राग येतो. पौलाच्या शरीरातला काटा सैतानाचा दूत होता. त्यानं तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. आपला सोबती त्रफिम याला पौलानं मिलेत शहरात आजारीच सोडलं. एपफ्रदीत हा त्याचा दुसरा सोबती मरता मरता वाचला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौल लिहितो, पोटाच्या दुरात्म्याला बांध असं नाही. यांपैकी कुणाच्या विश्वासाला त्यानं बोल लावलेला नाही.

एका बहिणीनं नैराश्याच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवल्या होत्या, मंडळीतल्या कुणाला दिसू नयेत म्हणून. पुढे तो संदेश आला आणि तिनं त्या बंदच केल्या. असं कुणी केलं असेल, तर आजच डॉक्टरांना भेटा, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करील अशा एका तरी विश्वासू माणसाला सोबत न्या.