देव किंवा अनेक विश्वं, दोनच वाटा का?

सर, लेख आवडला. पण विश्वाचे स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतले ठरलेले आकडे, जीवसृष्टीला इतके नेमके जुळलेत, तेव्हा देव तरी माना नाहीतर असंख्य विश्वं तरी, ही तुमची मांडणी पटली नाही.

जीवसृष्टीला लागणाऱ्या कार्बनचंच घ्या. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं एकत्र येऊन तो बनतो. १९५३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल म्हणाले, कार्बनच्या केंद्रकात ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर एवढा कार्बन आला कुठून? शोधली तर खरंच सापडली! वाचताना अंगावर काटा येतो. मात्र ती पातळी ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टनं वर सरकली तरी कार्बन जवळपास तेवढाच बनतो, असं १९८९ मध्ये गणितानं दाखवलं. म्हणजे केसाचाही फरक चालत नाही, हे इथं तरी खरं नाही.

अनेक विश्वांच्या बाजूनं भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९८७ चा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. वैश्विक स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला जोर देणारा आकडा, फार मोठा असता तर दीर्घिकाच बनल्या नसत्या; म्हणून असंख्य विश्वांपैकी तो लहान असलेल्या विश्वातच आपण असणार. पण ती बाकीची विश्वं तपासायची कशी?

आमच्या खानापूर तालुक्यातून पंढरपूरला दिंड्या जातात, माझी आईही चालते. तिच्या विठ्ठलाला या आकड्यांचा टेकू लागत नाही. उद्या एखाद्या खोल सिद्धांतातून हेच आकडे आपोआप निघाले, तर तुमच्या लेखातल्या देवाचं काय होणार? ही तिसरी शक्यता तुम्ही सोडूनच दिलीत. पुढच्या लेखात त्यावर जरूर लिहा.