निषेधाचे ठराव आणि नाकारलेले काम

जगात कुठे युद्ध पेटले किंवा लष्कराने सत्ता बळकावली, की कामगार संघटनांच्या मध्यवर्ती कचेऱ्यांतून निषेधाची पत्रके निघू लागतात. ती निघायलाच हवीत. मात्र आंतरराष्ट्रीय एकजूट मी पत्रकांवरून मोजत नाही. परक्या देशातील कामगारासाठी कोणी कोणते काम नाकारले, किती पैसे उभे केले आणि त्यापायी स्वतःचे काय पणाला लावले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्स मजुरीसाठी संप पुकारला. काही आठवड्यांत संपफंड आटला आणि घरोघरी उपासमार सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियातून ३०,००० पौंडांहून अधिक मदत आली आणि संप तगला. या कामगारांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नव्हती.

त्याहून मोलाचे उदाहरण स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडचे आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत जनरल पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा तेथील हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी सान्तियागोतील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. पुढच्याच वर्षी त्या हवाई दलाच्या विमानांची इंजिने दुरुस्तीसाठी रोल्स-रॉइसच्या ईस्ट किलब्राइड येथील कारखान्यात आली. तपासनीस बॉब फुल्टन यांनी ती ओळखली आणि त्यांना हात लावण्यास नकार दिला. सहकारी व युनियन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इंजिने खोक्यांत, कारखान्याच्या आवारात, उघड्यावर पडून राहिली आणि अखेर १९७८ मध्ये रात्रीच्या वेळी तिथून हलवण्यात आली. एवढ्याने पिनोशेची राजवट कोसळली नाही, हे खरे. पण चार वर्षे ती इंजिने दुरुस्त झाली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. २००८ मध्ये झिम्बाब्वेसाठी शस्त्रे घेऊन आलेले चिनी जहाजातील माल उतरवून घेण्यास डर्बनच्या गोदी कामगारांनी नकार दिला, तेव्हाही माल धक्क्यावर न उतरवताच जहाजाला बंदर सोडावे लागले.

याची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. १९०७ च्या श्टुटगार्ट परिषदेत युरोपातील समाजवादी पक्षांनी युद्ध रोखण्याचा ठराव केला होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीच्या कामगार संघटनांनी युद्धकाळात संप न करण्याचे ठरवले, आणि ४ ऑगस्टला जर्मन समाजवादी पक्षाने युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले. फ्रान्समध्येही फार वेगळे घडले नाही. राष्ट्र संकटात असल्याचा पुकारा झाला की ठरावांचे काय होते, याचा इतका स्पष्ट दाखला इतिहासात क्वचितच सापडेल. आज आयात शुल्काच्या भांडणात काही संघटना आपापल्या सरकारांमागे उभ्या राहतात, तेव्हा मला तो ऑगस्ट आठवतो. नोकरी जाण्याची भीती खोटी नसते, पण ती घालवण्यासाठी दुसऱ्या देशातील कामगाराची नोकरी घालवणे, हा तोडगा मालकांना सर्वाधिक सोयीचा असतो.

एकजूट आटली याचे खापर केवळ कामगारांच्या उदासीनतेवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. दुसऱ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून काम थांबवण्याचा मार्ग अनेक देशांत कायद्यानेच बंद केला. अमेरिकेत १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने अशा बहिष्कारांवर बंदी घातली, तर ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत सहानुभूतीच्या संपाला उरलेसुरले संरक्षणही काढून घेण्यात आले. संघटना स्वातंत्र्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा करार क्रमांक ८७ अमेरिकेने आणि भारतानेही अद्याप स्वीकारलेला नाही. (दोन्ही देश लोकशाहीविषयी बोलताना थकत नाहीत, हा भाग निराळा.)

म्हणूनच मला नाविकांच्या संघटनांचे काम आशादायक वाटते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ आणि जहाज कंपन्या यांच्यातील वाटाघाटींतून ठरलेल्या करारांत, युद्धसदृश म्हणून घोषित झालेल्या समुद्रात जाण्यास नाविक नकार देऊ शकतो आणि त्याला मायदेशी पोहोचवण्याचा खर्च कंपनीला सोसावा लागतो. असे कलम शस्त्रे बनवणाऱ्या, विमानांत ती चढवणाऱ्या आणि पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांसाठी संगणकीय प्रणाली लिहिणाऱ्या कामगारांच्या करारांतही यायला हवे. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या खालोखाल हीच मागणी असावी, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी वाटाघाटीत काही सोडावे लागले तरी हरकत नाही.